शिरोळ तालुका : महापुरात पडलेले घर गावठाणातच पुन्हा बांधावे की माळावर जावे?

प्रश्न – पाणकळा

नमस्कार. माझे माहेर शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या संगमाच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही महापुरांत आमच्या गल्लीत पाणी आले. पहिल्या वेळी ते उंबऱ्याला लागून परतले, २०१९ मध्ये आढ्यापर्यंत चढले, आणि दोन वर्षे भिजून-वाळून कमकुवत झालेल्या मातीच्या भिंती २०२१ मध्ये खचल्या. तेव्हापासून आई-वडील आणि धाकटा भाऊ त्याच जागेवर पत्र्याच्या खोल्यांत राहत आहेत.

आता पक्के घर बांधण्याइतके पैसे जमले आहेत आणि त्यावरूनच घरात मतभेद आहेत. वडिलांना जुन्याच जागी, खाली खांब सोडून उंचावर घर हवे आहे. भावाला गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर, माळाला जागा घ्यायची आहे. पुनर्वसनाचा विषय ग्रामसभेपुढेही येणार असल्यामुळे हा प्रश्न केवळ आमच्या कुटुंबाचा राहिलेला नाही.

आमच्याकडे नदीचे पाणी चढणे ही केवळ आपत्ती मानली जात नाही. वाडीला मंदिरात पाणी शिरून ते पादुकांवरून दक्षिणद्वाराने वाहू लागले की लोक स्नानासाठी गर्दी करतात. नदीकाठच्या मळीच्या रानात पुराने आणून टाकलेल्या गाळावर आमच्या आजोबांच्या पिढीने संसार केले. त्यामुळे नदीपासून दूर जाण्याची कल्पना वडिलांना सोसत नाही, आणि त्यांची ही भावना मी अडाणीपणात काढू शकत नाही.

मला जाणकारांना विचारायचे आहे की, असे पूर वारंवार का येऊ लागले आहेत आणि उंच जोत्याचा उपाय कितपत खरा आहे. तसेच ज्या गावांनी याआधी स्थलांतर केले, त्यांचे प्रत्यक्षात काय झाले. सरकारी योजनांची नावे मला ठाऊक आहेत. मला अनुभव आणि त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे.


उत्तर – सांडवा

ताई, मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली असून त्यातील बरीच वर्षे कृष्णा खोऱ्यात गेली. आपला पहिला प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याचे एका ओळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आपले गाव ज्या ठिकाणी आहे तिथे दोन मोठ्या नद्यांचे पाणी एकत्र येते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. म्हणजे महाबळेश्वरपासून राधानगरीपर्यंतच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस, मग तो कोयनेतून, वारणेतून किंवा भोगावतीतून आलेला असो, शेवटी शिरोळ तालुक्याच्या सपाट भूमीवर येऊन दाटतो. घाटातून वेगाने उतरलेल्या नदीला इथून पुढे उतार फार कमी आहे. पंचगंगेला पूर असताना कृष्णाही भरलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे फुगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नेमके असेच घडले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे. तिथे २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या पुढे गेले. पंचगंगेच्या काठी २०२१ चा पूर २०१९ पेक्षा मोठा होता, तर सांगलीत तो त्याच्या खालीच राहिला. एका पुराच्या खुणेवरून दुसऱ्या पुराचा अंदाज बांधता येत नाही, हे यातून लक्षात घ्यावे.

धरणे आधीच रिकामी ठेवली असती तर पूर टळला असता, असे पुष्कळदा ऐकू येते. कोयनेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागा राखून ठेवली तर पुराचा माथा कमी करता येतो. पंचगंगेच्या खोऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले राधानगरी धरण साडेआठ टीएमसीहून किंचित लहान आहे, आणि तुळशी, कासारी, कुंभी ही तिन्ही धरणे मिळून दहा टीएमसीचीही होत नाहीत. एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांचा, प्रवाह एक दिवस वाहिला तर ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. या हिशेबाने राधानगरीचे संपूर्ण धरण रिकामे असले तरी अशा प्रवाहाला ते एक दिवससुद्धा पुरत नाही. शिवाय तिथले सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. धरणाच्या खाली, मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस तर कोणत्याही दरवाजाने अडत नाही. थोड्या दिवसांत पडणाऱ्या पावसाचे प्रमाण वाढलेले असताना केवळ धरणांच्या भरवशावर घराची जागा ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण आपण सर्वांनी मिळून निर्माण केले आहे. पूर्वी पुराचे पाणी शिवारातून पसरत जायचे. आता ते रस्त्यांच्या आणि पुलांच्या जोडरस्त्यांच्या भरावांना अडून थांबते. शिरोली येथे महामार्गाच्या भरावाला पंचगंगेचे पाणी कसे अडते, हे कोल्हापूरकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. प्रत्येक पुरानंतर रस्ता बंद पडू नये म्हणून तो उंच करण्याची मागणी होते. ती पुरेशा मोऱ्या न ठेवता मान्य झाली, तर वरच्या बाजूच्या गावांत पाणी आणखी वाढते.

जोत्याविषयी सांगायचे तर, निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. या दोन रेषांमधील बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे, असा नियम आहे. त्यामुळे प्रथम आपली जागा कोणत्या रेषेत येते आणि ती रेषा कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावर आखलेली आहे, हे लेखी मागवून घ्या. नकाशा २०१९ च्या पूर्वीचा असेल तर त्यातील आकड्यांवर घर बांधण्याआधी गावातील २०१९ च्या पाण्याच्या खुणेशी तो ताडून पाहा.


उत्तर – येरळाकाठ

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा उल्लेखही न होणे मला योग्य वाटत नाही. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नाही, हे खरे. तथापि काठावरच्या माणसाचा प्रश्न पाणी किती चढले एवढाच नसतो. ते उतरायला इतके दिवस का लागले, हाही असतो. २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकपेक्षा अधिक विसर्ग सुरू होईपर्यंत दोन राज्यांत जी बोलणी चालली, तेवढ्या काळात आमच्या भागातील माणसे माळवदांवर बसून होती. १५ ऑगस्टपर्यंत अलमट्टीची पातळी ५१७ मीटरच्या आत ठेवावी, ही मागणी याच अनुभवातून आली आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास मुभा दिली असल्यामुळे ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही.

याच पुरात बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, अथणी, रायबाग भागातील गावेही बुडाली होती, याचे स्मरण ठेवावेसे वाटते. हा वाद मराठी आणि कानडी माणसांचा नाही. काठावरची गावे दोन्हीकडे सारखीच भोगतात.

सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावाविषयीही लिहिणे आवश्यक आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी तिथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि त्यात माणसे बुडाली. मृतांत स्त्रिया आणि मुलेही होती. २००५ ला पाणी इथवर आले नव्हते, तेव्हा आताही येणार नाही, या समजुतीने त्या वर्षी गावोगावी माणसे थांबून राहिली होती. सांगलीत २०१९ चे पाणी २००५ पेक्षा सुमारे चार फूट अधिक होते. ताई, आपल्या वडिलांना खांबांवर घर बांधायचे असेल, तर त्या घरात पुराच्या वेळी थांबायचे नाही, हे आधी ठरवून घ्या. उंच घराचा सर्वांत मोठा धोका हाच असतो की माणूस त्यावर विसंबून मागे राहतो, आणि मग वीज, पिण्याचे पाणी व औषध यांवाचून अडकतो.


उत्तर – आडसाली

मी वारणाकाठचा शेतकरी आहे. घर कोठे बांधावे याचा निर्णय बहुतेक वेळा गोठा ठरवतो, हे या चर्चेत अजून आलेले नाही.

दोन म्हशी आणि एक गाय असलेल्या कुटुंबाला पहाटे आणि संध्याकाळी धार काढायची असते, डेअरीला वेळेत दूध घालायचे असते आणि रानातून रोज वैरण आणायची असते. रान नदीकाठी आणि घर माळावर असेल, तर हे सारे ओझे घरातील बाईच्या डोक्यावर आणि म्हाताऱ्यांच्या पायांवर येते. त्यामुळेच पुनर्वसनाचा भूखंड मिळालेली अनेक कुटुंबे जुने घर सोडत नाहीत. त्यांना धोका कळत नाही असे नाही. चारशे-पाचशे चौरस फुटांच्या भूखंडावर जनावर बांधायचे कोठे आणि शेणाचा उकिरडा करायचा कोठे, याचे उत्तर त्यांना कोणी दिलेले नसते.

पूर आला की माणसे निघतात, पण जनावरे मागे राहतात. २०१९ मध्ये रात्रीतून पाणी चढल्यावर कित्येकांना दावी कापून जनावरे सोडून द्यावी लागली. पुढे मदतीच्या वेळी मृत जनावराचा पंचनामा लागतो, आणि वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा करणार कसा? त्या वेळी मोठ्या दुभत्या जनावरांच्या भरपाईला प्रत्येक कुटुंबामागे तीनची मर्यादा होती, म्हणजे ज्याचा गोठा मोठा त्याचे नुकसान तितकेच उघडे राहिले. छावणीत माणसांसाठी जेवण वेळेवर येते, कारण या भागातील लोक देण्यात मागे राहत नाहीत. ओला चारा मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत मिळत नाही. माझ्या मते जनावरांची छावणी आधी ठरली तर माणसे आपोआप वेळेवर बाहेर पडतील.

उसाबद्दल बाहेरच्या लोकांचा असा समज असतो की, तो पाण्यातलेच पीक असल्याने त्याला पुराचे काही होत नाही. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस तगतो, हे खरे आहे. पण शेंड्याच्या पानांच्या सुरळीमध्ये गाळाचे पाणी शिरून आठ-दहा दिवस राहिले की वाढीचा कोंब कुजतो, मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात, कांड्यांना मुळ्या सुटतात आणि ऊस आतून पोकळ होत जातो. तो उभा दिसतो, पण वजन आणि साखर दोन्ही घटलेली असतात. कारखान्याने असा ऊस लवकर उचलला तरच काही हाती लागते. सोयाबीन आणि भुईमूग तर पूर्ण जातात. या पिकांसाठी सोसायटीचे कर्ज काढलेले असते, नदीवरच्या मोटारी आणि स्टार्टर पाण्यात गेलेले असतात, आणि पाणी उतरल्यावर पाहावे तर काठाची जमीन खचून बांधच उरलेला नसतो.

सरकारी निकषात पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावे लागते आणि सात-बारावर नाव असावे लागते. आमच्या भागात कितीतरी जमीन वाट्याने किंवा खंडाने कसली जाते. पीक ज्याचे बुडाले त्याच्या नावावर कागद नसतो आणि कागद ज्याच्या नावावर असतो तो कित्येकदा शहरात राहत असतो. २०१९ मध्ये पूरग्रस्तांचे एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ झाले, त्याचा मोठा आधार वाटला. पण वाटेकऱ्याने सावकाराकडून घेतलेल्या पैशाला ती माफी नव्हती. याविषयी गावातील सभांमध्ये फारसे कोणी बोलत नाही, कारण बोलणारे बहुतेक जमीनधारकच असतात.


उत्तर – पेव

आडसाली यांच्या मुद्द्याला जोडून थोडे लिहिते. मी हरिपूरची आहे. आमच्याकडे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याचा जुना व्यवसाय होता. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरले, हळद नासली, आणि तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. पेवे भरणारे आणि उपसणारे कुशल कामगार होते. त्यांचे काम गेले, तेव्हा पंचनाम्याच्या कोणत्याही रकान्यात त्याची नोंद करण्याची सोय नव्हती.

शहरातही असेच घडते. कोल्हापूरच्या कुंभार गल्लीत २०१९ मध्ये गणेशोत्सव तोंडावर असताना पाणी शिरले आणि रंगवून तयार असलेल्या मूर्ती विरघळल्या. सांगलीत मारुती चौक, हरभट रोड, कापडपेठ पाण्याखाली गेल्यावर दुकानदारांचे नुकसान वर्तमानपत्रांत आले. त्या दुकानांतील नोकरांचे महिन्याचे पगार बुडाले, ते आले नाही. भाडेकरूंची अवस्था याहून बिकट होते. शहरी भागात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले, तेव्हा एका घरक्रमांकावर राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांपैकी पूरग्रस्त कोण, यावरून शेजाऱ्यांत कायमचे वितुष्ट आलेले मी पाहिले आहे. आपल्या ग्रामसभेत पूरग्रस्तांची यादी करताना घरपट्टीच्या नोंदीवर न थांबता चुली मोजाव्यात, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.


उत्तर – पाचनद्या

ताईंनी स्थलांतराच्या अनुभवाविषयी विचारले आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही करवीर तालुक्यातील गावे पंचगंगेच्या उगमसंगमाजवळ आहेत. १९८९ च्या पुरानंतर या गावांसाठी सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. अनेकांनी तिथे घरे बांधली, परंतु जुनी गावे उठली नाहीत. २०१९ आणि २०२१ मध्ये चिखली पुन्हा बुडाली.

याला अपयश म्हणावे का, यावर माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. एकीकडे, कुटुंबे वाढली तसे भूखंड अपुरे पडले, काहींचे कागद वर्षानुवर्षे अडकले, आणि शेती व जनावरे जुन्या गावाभोवतीच राहिली, हे सारे खरे आहे. दुसरीकडे, पाणी वाढू लागले की चिखलीच्या माणसाला जायला स्वतःचे किंवा भावकीचे छप्पर आहे, तिथे चूल आहे आणि जनावर बांधायला जागा आहे. शाळेच्या वर्गात तीस कुटुंबांबरोबर झोपणे आणि आपल्याच दुसऱ्या घरी जाणे यांत फार मोठे अंतर आहे, विशेषतः गरोदर स्त्रिया, आजारी माणसे आणि वयात आलेल्या मुली यांच्यासाठी. संपूर्ण गाव एका दिवशी उठून जाईल, अशी अपेक्षा धरून केलेली योजना कागदावरच राहते. गावाला दोन ठिकाणी राहण्याची मुभा देणारी योजना लोक स्वीकारतात.

म्हणून मी भावाची बाजू घेईन, पण वडिलांचे म्हणणे मोडून नव्हे. पक्के घर माळावर बांधावे. धान्य, कागदपत्रे, अंथरूण-पांघरूण आणि मुलांची पुस्तके तिथे राहावीत. जुन्या जागेवर गोठा, कडबा आणि दिवसा टेकण्यापुरती एक खोली ठेवावी, जी बुडाली तरी कर्जाचा डोंगर होणार नाही. वडील रोज नदीवर येतील-जातील आणि आषाढ-श्रावणात रात्री माळावर झोपतील.


पाणकळा

सर्वांचे मनापासून आभार. भावाला आणि वडिलांना ही उत्तरे वाचून दाखवली. गोठ्याचा विचार आमच्याही घरात कोणी केला नव्हता, आणि आईने पहिल्यांदाच सांगितले की, माळावर जाण्याला तिचा विरोध फक्त म्हशींमुळे होता. दोन ठिकाणी राहण्याची कल्पना वडिलांनी नाकारलेली नाही.

एक शंका राहते. ग्रामसभेत आमच्यासारखे जमीनधारक माळावर जागा विकत घेऊ शकतील, पण नदीच्या उताराला गायरानालगत राहणाऱ्या मजूर कुटुंबांचे काय? त्यांच्या घरांत सर्वांत आधी पाणी शिरते आणि त्यांच्यापाशी जागेचा कागद नाही. ठराव कसा मांडावा म्हणजे तो त्यांच्या उपयोगी पडेल?


सांडवा

ताई, ठरावात पहिली मागणी त्यांचीच ठेवा. त्यांची घरे निळ्या रेषेच्या आत असतील तर तिथे त्यांना पक्के बांधकाम करता येणार नाही, आणि जागा त्यांच्या नावावर नसल्यामुळे घरकुलही अडते. त्यामुळे माळावर गावाची जी सरकारी जमीन असेल तिचा गट क्रमांक ठरावात स्पष्ट लिहून, तेथील भूखंड प्रथम भूमिहीनांना पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावेत, अशी मागणी करा. गट क्रमांकाशिवाय केलेला ठराव तहसील कार्यालयातून शेरा मारून परत येतो, हे मी पाहिले आहे. यादी पेव यांनी सांगितल्याप्रमाणे चुलींवरून करा आणि त्यासोबत २०१९ व २०२१ मध्ये कोणत्या घरात पाणी किती दिवस होते, याची नोंद जोडा. कारण कपडे आणि भांडी यांच्या मदतीला घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याचा निकष लावला जातो आणि पाणी उतरल्यानंतर तो सिद्ध करणे कठीण असते.

याच ठरावात जनावरांच्या छावणीची जागा, चाऱ्याची जबाबदारी आणि बाहेर पडण्याची पातळी लिहून घ्या. धोका पातळीची वाट पाहू नका. कोयनेचा विसर्ग वाढल्याची सूचना आली आणि आयर्विनला पाणी ४० फुटांवर गेले की जनावरे, गरोदर स्त्रिया आणि अंथरुणाला खिळलेली माणसे हलवायची, असे ठरले तर हाती साधारण एक दिवस राहतो आणि ट्रॅक्टर अजून रस्त्याने जाऊ शकतो. आपल्या गावाचा रस्ता कोणत्या ओढ्यावर प्रथम बुडतो, तो ओढा किती फुटांना भरतो, हे गावातील जुन्या माणसांना विचारून त्याच पानावर नोंदवा. तलाठी बदलतात आणि नवीन येणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.